दुखण्याचा साक्षीदार कोण?

१९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात जेम्स हार्डी, हॅरॉल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल हे तीन संशोधक स्वतःच्याच कपाळाला काळी शाई फासून घेत आणि त्या काळ्या ठिपक्यावर प्रखर दिव्याचा झोत तीन सेकंद पाडत. उष्णता दर वेळी सारखीच शोषली जावी म्हणून ही शाई. झोत थोडा थोडा वाढवत न्यायचा, ऊब संपून टोचणी नेमकी कुठे सुरू होते ते नोंदवायचे आणि मग त्या टोचणीच्या पायऱ्या मोजायच्या. माणसाला एकीपेक्षा दुसरी वेगळी कळेल अशा एकवीस पायऱ्या त्यांना सापडल्या. दोन पायऱ्यांचा एक ‘डोल’ असे एकक त्यांनी ठरवले. साडेदहा डोलांच्या पुढे झोत कितीही वाढवला तरी दुखणे वाढल्याचे कळत नव्हते. या यंत्राचे नाव डोलोरीमीटर. तापाला थर्मामीटर, रक्तदाबाला पट्टा, तसे आता वेदनेलाही मोजमाप मिळाले असे बऱ्याच जणांना वाटले. १९४८ साली या गटाने प्रसूतिवेदना मोजण्याचाही घाट घातला. दोन कळांच्या मध्ये बाळंतिणीच्या हातावर झोत पाडायचा आणि आत्ताची कळ याच्याएवढी होती की जास्त, असे तिला विचारायचे. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी हे अत्यंत गंभीर विज्ञान होते.

हा खटाटोप कशासाठी, हे समजायला मॉर्फिनकडे पाहावे लागते. वेदना शमवणारे औषध जगाकडे शंभराहून अधिक वर्षे होते, पण त्यासोबत व्यसनाची धास्तीही होती. अमेरिकेत १९१४च्या हॅरिसन कायद्यानंतर डॉक्टर हे औषध लिहिताना दहादा विचार करू लागले. १९२९पासून तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची एक समिती व्यसन न लावणारे मॉर्फिन शोधत होती. नवे औषध जुन्याहून सरस आहे की नाही हे ठरवायचे, तर दुखणे किती कमी झाले ते मोजता यायला हवे.

कॅन्सरच्या वॉर्डात या धास्तीचे रूप वेगळे होते. इंजेक्शन द्यायचे ते मागितल्यावर, आणि तेही रोगी अगदी मेटाकुटीला आल्यावरच. लवकर सुरू केले तर शेवटी उपयोग होणार नाही, असा पक्का समज होता. त्यामुळे रोग्याला दर काही तासांनी आपले दुखणे नर्ससमोर सिद्ध करावे लागे. जो ओरडेल त्याला औषध मिळे आणि जो सोसेल तो सोशीक म्हणून नावाजला जाई. मात्र जास्त मागितले की तोच माणूस संशयास्पद ठरे.

डोलोरीमीटरला पहिला मोठा धक्का दिला तो भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर त्यांनी गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना थेट विचारले, दुखते का, औषध हवे का? २१५ जणांची पाहणी १९४६ साली प्रसिद्ध झाली. हाडे मोडलेल्या, पोट फाटलेल्या या माणसांपैकी साधारण तीन चतुर्थांशांनी औषध नको म्हटले. पुढे बॉस्टनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी त्यांनी तुलना केली. तिथे जखमा लहान होत्या, तरी दहातल्या आठांहून अधिक जणांनी औषध मागितले. बीचर यांचा अर्थ असा, की सैनिकाला जखम म्हणजे घरी परतण्याची परवानगी असते, तर घरात सुखाने असलेल्या माणसाला शस्त्रक्रिया म्हणजे संकट. दुखणे केवळ जखमेच्या आकारावर चालत नाही, जखमेचा अर्थ काय लागतो त्यावरही चालते. प्रयोगशाळेत कपाळावर झोत घेणाऱ्याला ठाऊक असते की तीन सेकंदांनी दिवा विझणार आहे. कॅन्सरच्या रोग्याची स्थिती नेमकी उलट. कालच्यापेक्षा आज जास्त दुखले की त्याच्या मनात पहिला विचार येतो, गाठ वाढली. शाई आणि दिवा घेऊन हा विचार मोजता येणार नव्हता.

मग मोजायचे कसे? उत्तर न्यूयॉर्कमध्येच, मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयात निघाले, आणि ते इतके साधे होते की त्यात विज्ञान आहे हे पटायला वेळ लागला. १९५०च्या दशकाच्या आरंभी रेमंड हूड आणि स्टॅनली वॉलेनस्टाइन यांनी तिथे वेदनाशामकांच्या चाचण्या सुरू केल्या. यंत्र नव्हतेच. एडा रॉजर्स ही नर्स दर तासाला खाटेपाशी जाऊन विचारी: दुखणे अजिबात नाही, थोडे, मध्यम, की जोरात? आराम किती पडला? एकाच रोग्याला आज एक औषध, उद्या दुसरे, कोणते ते रोग्याला ठाऊक नाही आणि विचारणाऱ्यालाही नाही. तुलना त्या माणसाची त्याच्याशीच. अशा हजारो उत्तरांतून मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या बरोबरीला कोणत्या औषधाची किती मात्रा लागते याची कोष्टके तयार झाली. आजही एक औषध बदलून दुसरे देताना डॉक्टर ज्या कोष्टकांचा आधार घेतात त्यांचे मूळ इथे आहे. रोग्याचा शब्द पुरावा म्हणून धरला, तर त्यावर पक्के विज्ञान उभे राहू शकते, हे या वॉर्डाने दाखवून दिले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले खरे वळण तेच, आणि एडा रॉजर्स हे नाव त्यात जेवढे घेतले जायला हवे तेवढे घेतले जात नाही.

लंडनमध्ये एक बाई दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचत होत्या. सिसिली साँडर्स यांचा जन्म १९१८चा. आधी नर्स, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयातल्या समाजसेविका. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. हा वॉर्सामधून आलेला ज्यू निर्वासित. लंडनमध्ये त्याचे कोणी नव्हते आणि चाळिशीत तो कॅन्सरने मरत होता. त्याच्याशी झालेल्या बोलण्यांतून साँडर्स यांच्या मनात मरणाऱ्या माणसांसाठी वेगळ्या घराची कल्पना रुजली. १९४८ साली जाताना त्याने पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवले. मग त्या संध्याकाळी बेझवॉटरच्या सेंट ल्यूक्समध्ये स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या आणि तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली: मॉर्फिन ठरल्या वेळी, दुखणे परत येण्याआधीच, तोंडावाटे दिले जाई. रोगी शुद्धीवर असत, जेवत, गप्पा मारत. ज्या शल्यचिकित्सकाबरोबर त्या काम करत त्या नॉर्मन बॅरेट यांनी सांगितले की डॉक्टर मरणाऱ्यांना वाऱ्यावर सोडतात, तेव्हा तुम्ही डॉक्टरच व्हा, नाहीतर तुमचे कोणी ऐकणार नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९५७ साली, त्या डॉक्टर झाल्या.

पुढच्याच वर्षी पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागात, आयरिश जोगिणी चालवत असलेल्या सेंट जोसेफ्समध्ये त्या संशोधक म्हणून गेल्या. तिथली सेवा मायेची होती, पण नोंदी जवळजवळ नव्हत्या आणि औषध मागितल्यावरच मिळे. साँडर्स यांनी सेंट ल्यूक्सची पद्धत तिथे आणली. शिवाय त्यांनी आणखी एक केले. टेपरेकॉर्डर घेऊन त्या खाटेशी बसत आणि रोग्याला बोलू देत. सात वर्षांत त्यांच्याकडे अकराशेच्या आसपास रोग्यांच्या नोंदी साठल्या. एका रोगिणीला त्यांनी तुमचे दुखणे सांगा म्हटले. तिने पाठीपासून सुरुवात केली आणि मग नवरा, मुलगा, त्यांचे बुडू शकणारे पैसे, जग आपल्या विरोधात आहे ही जाणीव, पुन्हा सुरक्षित वाटावे ही ओढ, सगळे एका दमात सांगून टाकले. साँडर्स यांना कळले की तिने विषय सोडला नव्हता. तिने प्रश्नाचेच उत्तर दिले होते. १९६४च्या सुमारास त्यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली: शरीराची, मनाची, नात्यांची व पैशाची, आणि आत्म्याची अशी चार अंगे असलेले एकच दुखणे. त्यांतले एक वगळून बाकीच्यांवर उपचार करता येत नाहीत. १९६७ साली दक्षिण लंडनमध्ये त्यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू झाले.

समग्र वेदना ऐकायला पटणारी होती, पण ती मोजायची कशी हे साँडर्स यांनी सांगितले नव्हते. ते काम मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने पुढे नेले. १९५०च्या दशकात ते ऑरेगॉनमध्ये संशोधन करत असताना पाय कापलेल्या एका वृद्ध बाईने नसलेल्या पायातल्या दुखण्याचे वर्णन ज्या शब्दांत केले, ते शब्द त्यांनी टिपून ठेवले आणि मग रोग्यांचे शब्द गोळा करायची त्यांना सवयच लागली. ठणकते, भाजते, टोचते, पिळवटते, विजेसारखे चमकते, आणि त्यांच्या शेजारी थकवणारे, भेसूर, छळणारे. संख्याशास्त्रज्ञ वॉरन टॉर्गर्सन यांच्यासोबत त्यांनी १९७१ साली अशा १०२ शब्दांची प्रतवारी केली. काही शब्द दुखण्याची जात सांगत, काही भावना, तर काही एकूण तीव्रतेचा अंदाज. १९७५च्या ‘मॅकगिल वेदना प्रश्नावली’त ७८ शब्द वीस गटांत मांडले गेले. म्हणजे सारख्याच तीव्रतेच्या दोन दुखण्यांतही फरक असतो, हे प्रथमच कागदावर दाखवता येऊ लागले.

या प्रश्नावलीच्या सुरुवातीच्या परीक्षांपैकी एक कॅन्सरच्या रोग्यांवरच झाली. ब्रिटनमध्ये तेव्हा ‘ब्रॉम्प्टन मिश्रण’ चाले: मॉर्फिन किंवा हेरॉइन, सोबत कोकेन, दारू आणि पाक. ते मॉन्ट्रियलमध्येही पोचले होते; तिथल्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात डॉक्टर बॅल्फर माउंट यांनी मरणासन्न रोग्यांसाठी वेगळा विभाग काढला होता. १९७६च्या अभ्यासात तिथल्या सुमारे नव्वद टक्के रोग्यांना मिश्रणाने चांगला आराम मिळाला. त्याच रुग्णालयाच्या साध्या वॉर्डांत आणि खासगी खोल्यांत हे प्रमाण ७५ ते ८० टक्के निघाले. मिश्रण तेच, पण ते मिळत होते वेगळ्या वातावरणात. साँडर्स जे सांगत होत्या त्याला आकड्याचा पाठिंबा मिळाला, आणि तोही आकड्यांविषयी साशंक असलेल्या गोटाला. तीन वर्षांनी त्याच गटाने निव्वळ मॉर्फिनचे द्रावण त्या चमत्कारिक मिश्रणाइतकेच काम करते असे दाखवले. सेंट ख्रिस्तोफर्समध्ये रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनीही हेरॉइन आणि मॉर्फिन यांची तुलना करून तोंडावाटे दिल्यास म्हणण्यासारखा फरक नाही असे सांगितले होते. कोकेन आणि दारू हळूहळू बाटलीतून गेली.

किती दुखते आणि कसे दुखते यांच्यानंतरचा प्रश्न, का दुखते. तो नीट विचारला कॅथलीन फोली यांनी. १९७०च्या दशकात त्या हूड यांच्याच मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ म्हणून आल्या. कॅन्सर आहे म्हणजे दुखणारच, असे म्हणून पुढे जाण्याची सवय तिथेही होती. फोली यांनी प्रत्येक दुखण्याला मूळ कारण असते असे गृहीत धरून तपासणी सुरू केली आणि १९७९ साली एक वर्गीकरण प्रसिद्ध केले, ते आजही शिकवले जाते. गाठीमुळे होणारे दुखणे, उपचारांमुळे होणारे, आणि कॅन्सरशी संबंधच नसलेले. त्यांच्याकडच्या दाखल रोग्यांत पहिल्याचे प्रमाण ७८ टक्के, दुसऱ्याचे १९ आणि तिसऱ्याचे ३ होते. मधला आकडा अस्वस्थ करणारा होता. स्तन काढल्यानंतर महिनोन्‌महिने काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला होणारी आग ‘शस्त्रक्रियेनंतरचे नेहमीचे’ म्हणून झटकून टाकली जाई. फोली यांनी ती कापल्या गेलेल्या मज्जातंतूची वेदना आहे असे ठरवून तिला नाव दिले. वर्गीकरणाने जीव वाचू लागले असे म्हणता येणार नाही, पण पाय मात्र वाचले. कॅन्सर असलेल्या माणसाची नवी पाठदुखी, विशेषतः आडवे पडल्यावर वाढणारी, गाठ मज्जारज्जू दाबू लागल्याची खूण असू शकते. पाय लुळे पडण्याआधी ती ओळखली तर स्टेरॉइड आणि किरणोपचार यांनी चालणे टिकवता येते. लुळे पडल्यावर फार थोडे हातात उरते.

याच काळात दुखण्याच्या जाती आणि औषधे यांची सांगड पक्की होत गेली. हाडातला ठणका मॉर्फिनइतकाच किरणोपचाराला दाद देतो. आतड्याची पिळवटणारी कळ वेगळी. आणि आग, मुंग्या, करंट लागल्यासारखी सणक अशी मज्जातंतूची वेदना मॉर्फिनने पुरती बधत नाही. तिच्यासाठी नैराश्यावरची आणि अपस्मारावरची औषधे द्यावी लागतात. १९९० साली रसेल पोर्टनॉय आणि नील हेगन यांनी आणखी एक प्रकार वेगळा काढला: औषधाने दबलेले दुखणे मधूनच काही मिनिटांसाठी उसळी मारते ते. पाहिलेल्या रोग्यांपैकी जवळपास दोन तृतीयांशांना ते होते. सकाळी एकदा विचारून पुढे गेलेल्या डॉक्टरला ते सापडणे शक्यच नव्हते.

विस्कॉन्सिनमध्ये चार्ल्स क्लीलंड यांनी मेलझॅकची लांबलचक यादी बाजूला ठेवून कामचलाऊ साधन बनवले. शरीराचे चित्र, दुखते तिथे छटा भरा. शून्य ते दहात सर्वांत जास्त, सर्वांत कमी, सरासरी आणि आत्ताचे दुखणे सांगा. मग दुखण्याने झोप, चालणे, काम, मनःस्थिती, माणसांशी संबंध, जगण्यातला आनंद यांत किती अडथळा येतो ते. १९८३ साली पहिले रूप प्रसिद्ध झाले आणि पुढे कितीतरी भाषांत ते गेले. हिंदीतले दिल्लीच्या रोग्यांवर तपासून १९९९ साली आले. १९९४ साली याच साधनाने क्लीलंड यांच्या गटाने अमेरिकेतल्या ५४ केंद्रांतल्या १३०८ रोग्यांची पाहणी केली. दुखणे असलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना पुरेसे औषध मिळत नव्हते, आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक रोगी जिथे मुख्यतः येत तिथे ही शक्यता तिपटीने जास्त होती. अपुऱ्या उपचाराशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट कोणती, तर रोगी आणि डॉक्टर यांनी सांगितलेल्या आकड्यांतली तफावत. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपण सहज वापरतो. तिची किंमत किती असते ते इथे मोजले गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने हे सारे धागे १९८६च्या एका छोट्या पुस्तिकेत बांधले. १९८२ साली इटलीत झालेल्या बैठकीपासून त्यावर काम चालू होते. स्वीडिश डॉक्टर यान शेर्नस्वार्ड संघटनेचा कॅन्सर विभाग पाहत, तर मिलानचे व्हित्तोरियो व्हेंताफ्रिद्दा यजमान. तीन पायऱ्यांची शिडी आली: सौम्य दुखण्याला ॲस्पिरिन किंवा पॅरासिटॅमॉल, मध्यमला कोडीनसारखे, तीव्रला मॉर्फिन. औषध तोंडावाटे, घड्याळ पाहून, शिडीनुसार. गरीब देशातल्या डॉक्टरलाही वापरता यावी म्हणून ती मुद्दाम सोपी ठेवली होती. मेमोरियलच्या वॉर्डातले थोडे, मध्यम आणि जोरात हे तीन शब्द आता जगभर औषध ठरवू लागले.

भारतात मात्र त्याच सुमारास वेगळेच घडले. मुंबईत परळला टाटा मेमोरियल १९४१पासून होते आणि रोगी देशभरातून, बहुतेकदा उशिरा येत. दुखणे अंगावर काढायची आपली जुनी सवय. तिथलेच शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्यात शांती अवेदना हे भारतातले पहिले हॉस्पिस काढले. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीत झाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ साली सुरू झाले. पण शिडी प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ साली, अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा आला होता. त्यात किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि मॉर्फिनसाठी वेगवेगळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने. रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांतून अफूचे पदार्थ जगाला जात होते आणि १९९७ साली अख्ख्या देशात औषध म्हणून वापरलेले मॉर्फिन अवघ्या १८ किलोवर आले. केसपेपरवर नऊ लिहिले तरी तिसरी पायरी रिकामीच. १९९३ साली कालिकतमध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या साथीदारांनी सुरू केलेल्या केंद्राने केरळात नियम सैल करून घेतले. २०१४च्या दुरुस्तीने अखेर देशभर एकच परवाना आणि एकच खाते असे ठरवले.

इकडे औषध नव्हते, तर अमेरिकेत दुखण्याच्या आकड्याचा अतिरेक झाला. नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या जोडीला वेदना ही पाचवी खूण धरावी, असे वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने १९९०च्या दशकाच्या मध्यात सांगितले. माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९९९ साली ते अमलात आणले. कॅन्सरच्या वॉर्डात रुळलेला शून्य ते दहाचा प्रश्न पाठदुखी, दाढदुखी, गुडघेदुखी असलेल्या प्रत्येकाला विचारला जाऊ लागला आणि आकडा खाली आणणे हेच काम होऊन बसले. १९९६ साली बाजारात आलेले ऑक्सिकॉन्टिन आणि त्याचा आक्रमक प्रचार यांना हे चांगलेच मानवले. पुढची व्यसनाची साथ सर्वांना ठाऊक आहे. २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पाचवी खूण काढून टाकण्याची शिफारस केली. दोष आकड्याचा नव्हता. का दुखते, कसे दुखते, कुणाला दुखते हे फोली, मेलझॅक आणि साँडर्स यांचे प्रश्न गाळून फक्त किती एवढेच उरले, त्याचा होता. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही शिडी मुख्य तत्त्वांतून काढून परिशिष्टात ठेवली आणि दर रोग्याचा स्वतंत्र विचार पुढे आणला.

कॅनडातल्या एडमंटनमध्ये एदुआर्दो ब्रुएरा यांनी १९८९ सालीच वेगळी मांडणी केली होती. दुखण्याची जात, हालचालीने उसळते का, मानसिक त्रास किती, पूर्वी व्यसन होते का, आणि रोगी भानावर आहे का, यांवरून दुखणे आटोक्यात येणे सोपे की अवघड याचा अंदाज. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण कॅन्सरच्या अखेरच्या दिवसांत अनेक जण बरळू लागतात किंवा बोलणेच थांबवतात. वेदना अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली १९७९ची व्याख्या सुधारली, तेव्हा बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, असे स्पष्टपणे नोंदवले. अशा रोग्यासाठी श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणे यांना गुण देणारी साधने आहेत. ती मुळात स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांसाठी बनली. ती भरतो तो मात्र पुन्हा नर्स, डॉक्टर किंवा नातेवाईक, आणि पाहणाऱ्याचा अंदाज दुखणाऱ्याच्या आकड्यापासून किती दूर जाऊ शकतो, हे १९९४च्या त्या १३०८ रोग्यांनी आधीच दाखवून ठेवले आहे.